बोरकुंडीचा कोट

"आमचा कोट बघायला सातासमुद्रापलीकडनं माणसं येतील! आज न्हाई आली तर उद्या येतील, पर येतील!"

मालोजी हे बोलला ते भर सभेत, उभा राहून, मारुतीच्या देवळासमोर आणि ठेकेदार दौलतरावांच्या तोंडावर. बोलून खाली बसला तेव्हा त्याचं त्यालाच वाटलं, जरा जास्तच झालं. पण गावानं ऐकलं होतं, दौलतरावांनी ऐकलं होतं आणि मारुतीनंही ऐकलं असणार. आता माघार नव्हती.

गोष्ट छप्पन सालच्या डिसेंबरातली. बोरकुंडी हे चाकणपासून तीन मैलांवरचं गाव. चाकणला भुईकोट किल्ला आहे हे सगळ्या जगाला ठाऊक. बोरकुंडीलाही एक भुईकोट आहे हे फक्त बोरकुंडीला ठाऊक. तोही केवढा? दीड बुरूज, एक कमान आणि भोवती तट. मागचा तट मधोमध असा ढासळलेला की गेनू पाटलांची म्हैस मान न वाकवता आत शिरायची. गावात त्याला किल्ला कोणी म्हणत नसे. नुसता 'कोट'.

या कोटाचा दरवाजा उघडायचं आणि लावायचं काम मालोजीच्या घराण्याकडे होतं. दरवाजा कधीकाळी कुणीतरी जळणाला नेला. काम गेलं, पण किल्ली राहिली. कोपरापासून मनगटापर्यंत लांब! मालोजी ती दर अवसेला तेल लावून पुसायचा. म्हणून सगळा गाव त्याला 'कोटवाला' म्हणायचा. काही जण आदरानं म्हणायचे, बाकीचे हसून म्हणायचे. मालोजी दोन्ही आदर म्हणूनच घ्यायचा.

आता दौलतरावांचं म्हणणं काय होतं? पिंपरीच्या बाजूला मोठा कारखाना उभा राहिला होता, सगळीकडे रस्ते होत होते, आणि रस्त्याला खडी लागते. दौलतराव म्हणाले, "कोटाचे दगड मला द्या. चाकणच्या सडकेपासून तुमच्या मारुतीपर्यंत पक्की सडक करून देतो. पावसाळ्यात बाळंतिणीला बाजेवर घालून चिखलातनं न्यावं लागतं तुम्हाला. काय करायचाय तो कोट?"

गावानं आपापल्या पायांकडे बघितलं. कारण चिखलाचं खरं होतं. गेनू पाटील म्हणाले, "इचार करायला पंधरा दिस द्या. पुढल्या सोमवारच्या पुढल्या सोमवारी सांगतो." पण पाटलांच्या चेहऱ्यावर सडक दिसत होती. म्हणूनच मालोजी उठला आणि समुद्र ओलांडून बसला.

घरी गेला तर घरात कोणी नव्हतं. त्याच्या बायकोला, ठकुबाईला जाऊन वर्ष होत आलं होतं. ती असती तर म्हणाली असती, "बोललात ना? आता आणा गोरी माणसं!" कोटाची कमान रोज सकाळी तीच झाडायची. झाडताना रोज कोटाला शिव्या द्यायची आणि एक दिवस चुकवायची नाही. ती गेल्यावर मालोजी झाडू लागला. घरात बोलायला कोणी नाही म्हणून तो संध्याकाळी कोटात जाऊन बसायचा. तिथेही बोलायला कोणी नव्हतं, पण तिथे बोलणारं कोणी असायची सवयच नव्हती.

आठ दिवस गेले. समुद्रापलीकडचं सोडा, आळंदीचंसुद्धा कोणी कोट बघायला आलं नाही. आणि मंगळवारी संध्याकाळी गवराबाई धावत आली.

गवराबाई एस.टी.नं पिंपरीला जाऊन कारखान्याच्या बंगल्यांवर भाजी विकायची. गावात तिच्या पाटीपेक्षा तिची बातमी आधी पोचायची. ती मारुतीपाशी पाटी टेकवून ओरडली, "कोटवालं कुठायत? कोटवाल्याला निरोप हाय! सायबाचा!"

"कुठला सायेब?" पाटील म्हणाले.

"कारखान्यातला गोरा! नाताळाची सुट्टी हाय त्याला. त्यो आन त्याची बाई मोटार घेऊन नाशकाकडं फिरायला निघालीत, आन जाताना आधी बोरकुंडीला येनार. रविवारी सकाळी! त्याचा खानसामा हाय ना, ज्योतीराम, त्यानंच सांगितलं मला. म्हनला, मावशी, तुमच्या गावच्या कोटवाल्याला सांगा, सायेब सोता येतायत. कोट तयार ठेवा!"

मालोजीच्या हातातली चंची खाली पडली.

"आजून काय म्हनला?"

गवराबाईनं बोटांवर मोजत सांगितलं. "एक म्हंजी, मागची बाजू उसवलीया, ती सांधली का म्हनं. दुसरं, धूळ झटकून ठेवा. तिसरं, सायेब आतल्या बाजूनंबी नीट बघनार हायेत."

गाव अवाक झाला! मागची बाजू उसवली आहे हे पिंपरीच्या साहेबाला कळलं कसं? पाटील हळूच म्हणाले, "इमानातनं बघितलं असंल." सगळ्यांना पटलं.

फक्त एक माणूस काहीतरी वेगळं म्हणत होता. बन्सी शिंपी. बन्सी दर आठवड्याला पिंपरीला जाऊन कारखान्यातल्या लोकांचे कपडे शिवायला, दुरुस्तीला घरी आणायचा. पण आठ दिवस तो हिवतापानं आडवा होता. दोन घोंगड्यांच्या आत दात वाजवत तो बायकोला म्हणाला, "अगं, सायबाचा कोट माज्याकडं हाय!"

बायको म्हणाली, "तुमच्या एकट्याकडं कसला? समद्या गावाचा हाय! गप पडा."

बुधवारपासून कामाला सुरुवात झाली. काटेरी झुडपं तोडली. कमानीपुढे सडा पडला. बायकांनी तटाच्या दगडांवर पाणी मारून घासायला सुरुवात केली, तेव्हा मालोजी म्हणाला, "अगं तांब्याची घागर हाय का ती? दगूड हाय!" गवराबाई म्हणाली, "धूळ झटका म्हनलाय सायेब. तुमी कोटवालं आसाल, पर निरोप मी आनलाय!"

खरी अडचण मागच्या तटाची. भगदाड बुजवायचं तर दगड हवेत. कोटाचे दगड गेले कुठे? तिथे पाटील खाकरले. मग म्हणाले, "आमच्या गोठ्याची पायरी हाय... म्हंजी आज्ज्यानं आनली हुती. मला काय ठावं न्हाई." गवराबाई म्हणाली, "माजा पाटा त्याच दगडाचा हाय." मग एकेक जण बोलू लागला. कुणाच्या उंबऱ्याखाली कोटाचा दगड, कुणाच्या विहिरीच्या काठाला, कुणाच्या चुलीमागे. दोन दिवसांत सगळा गाव आपापल्या घरातला कोट डोक्यावर घेऊन तटाकडे चालला होता! वरात निघाली आहे असं वाटावं. भांडणंही झाली. "ह्यो दगूड म्होरं लावा, आमचा हाय." "तुमचा कवापासनं? कोटाचा हाय!" "कोटाचा हाय, पर साठ वरसं आमच्या घरी हुता!"

मालोजी कमरेवर हात ठेवून सगळ्यांना बोलत होता. "चोर! समदा गाव चोर! आन म्हनं कोट पडला कसा!"

गवराबाई पदर खोचत म्हणाली, "कोटवालं, तुमच्या मोरीतला दगूड कुठनं आला वं?"

मालोजीनं कमरेवरचे हात खाली घेतले.

तो दगड ठकुबाईनं आणला होता. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी. चांगला चौकोनी, वरून गुळगुळीत. त्यावर ती धुणं धुवायची. मालोजी तिला बत्तीस वर्षं बोलत आला होता, की कोटवाल्याच्या घरात कोटाचा दगड, लाज कशी वाटत नाही. आणि बत्तीस वर्षं ती म्हणत आली होती, "तुमी कोट राखता, मी त्यातला एक दगूड राखते. आपली वाटनी झाली."

शुक्रवारी दुपारी मालोजीनं पहार घालून तो दगड उचकटला. त्याखालची जमीन अजून ओली होती. रोजच्या पाण्यानं असेल. त्यानं दगड खांद्यावर घेतला आणि तटापाशी नेला. गवंड्याला म्हणाला, "ह्यो मधे लाव. गुळगुळीत बाजू भाइर ठेव." बाकी काही बोलला नाही. गवराबाईही काही बोलली नाही, आणि हे बोरकुंडीत पहिल्यांदाच घडलं.

शनिवारी संध्याकाळी तट उभा राहिला. सगळा गाव समोर उभा राहून बघत होता. जो तो आपला दगड शोधून दुसऱ्याला दाखवत होता. पाटील बराच वेळ बघून म्हणाले, "मालोजी, लेका, चांगला दिसतुया की रं."

"आधीबी चांगलाच दिसत हुता. तुमी बघत नव्हता."

रविवार उजाडला. थंडी अशी की बोलताना तोंडातून विडी ओढल्यासारखा धूर निघत होता. लेझीम तयार, ढोल तयार, हार तयार, बायकांच्या हातात ओवाळायची ताटं तयार. मालोजीनं धुतलेलं धोतर, नवा पटका आणि कमरेला ती किल्ली अशी तयारी केली होती. गावात इंग्रजी येणारे एकच, शाळेचे गुरुजी. ते नेमके बहिणीच्या लग्नाला गेले होते. "भाशेचं काय नडत न्हाई," मालोजी म्हणाला. "कोट सोता बोलतो."

नऊच्या सुमाराला धुरळा उडाला आणि काळी मोटार कमानीसमोर थांबली.

मोटार गावानं पूर्वी पाहिली होती. मोटारीत पुढे ड्रायव्हर बसतो आणि मागे मालक बसतो एवढं ज्ञान सगळ्यांना होतं. पुढे चाकामागे एक गोरा माणूस होता, बिनबाह्यांचं लोकरी जाकीट घातलेला, थंडीनं लाल झालेला. शेजारी एक गोरी बाई. आणि मागच्या बाजूला, डब्यांच्या, गाद्यांच्या आणि सुरईच्या मधोमध, पांढरा शुभ्र डगला, लाल पट्टा आणि तुऱ्याचं पागोटं घालून एक भारदस्त गृहस्थ बसले होते.

"बाबौ!" पाटील पुटपुटले. "ड्रायव्हर गोरा ठेवलाय! म्हंजी सायेब केवढा मोठा आसंल!"

आणि त्यांनी मागचं दार उघडून हार घातला! ढोल सुरू झाला, लेझीम सुरू झाली. ते गृहस्थ "अवो, अवो" म्हणत होते, पण पोरींनी ओवाळायला घेतलं, पाटलांनी हाताला धरून खाली उतरवलं, आणि दोघांनी त्यांच्यावर छत्री धरली. तेवढ्यात मागच्या गर्दीतून गवराबाई वाट काढत पुढे आली आणि किंचाळली, "अवं पाटील, ह्यो तर ज्योतीराम! खानसामा! मी रोज ह्याला कोथमीर देते!"

ढोल बंद पडला. पाटलांनी हाराकडे बघितलं. हार एकच होता.

"मग सायेब कुठाय?"

ज्योतीरामानं हाराखालून बोट दाखवलं. गोरा ड्रायव्हर मोटारीला टेकून, दोन्ही हात काखेत घालून कुडकुडत उभा होता.

"सायेब सोता गाडी हाकतो?" पाटलांना पटेना. "मग पैसा काय करतो त्यो?"

मालोजी मात्र वेळ घालवणारा नव्हता. तो पुढे झाला, वाकून रामराम केला. साहेबानं त्याचा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाला, "कोट? माय कोट?"

मालोजी जागच्या जागी ताठ झाला. मग गावाकडे वळला.

"ऐकलं का? माय म्हनला! आपल्या कोटाला माय म्हनला सायेब! आमी इथं जन्माला आलो, आमच्यातल्या एकानं तरी म्हनलं का?"

गावानं माना खाली घातल्या. काहींना त्याच क्षणी दौलतराव आठवले आणि लाज वाटली.

साहेब ज्योतीरामाशी भरभर काही बोलला. ज्योतीराम म्हणाला, "सायेब इचारत्यात, कोट कुठं हाय?"

"कुठं हाय?" मालोजीला जरा रागच आला. "डोळ्यासमोर हाय की! येवढा मोठा! चला म्हनावं आत!"

"तसं न्हवं, मामा. कोट म्हंजे आंगात घा..."

पण ढोल पुन्हा सुरू झाला होता. ज्योतीरामानं एकदा ओरडून बघितलं, दोनदा बघितलं. मग त्यानं गळ्यातला हार चाचपला. बारा वर्षं तो दुसऱ्याच्या टेबलावर फुलं मांडत आला होता. गळ्यात पहिल्यांदाच पडली होती. तो म्हणाला, "चला, कोट तर कोट!"

कमानीत शिरताना मडमेनं मान वर करून बघितलं, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाली, "कॅसल! कॅसल!"

गवराबाई म्हणाली, "आत्ता गं बया! कसला कोट म्हनून इचारतीया!"

"कसला म्हंजी?" मालोजी छाती काढून म्हणाला. "भुईकोट, बाईसायेब! भु-ई-को-ट!"

मडम हसून म्हणाली, "बुई कोट!" साहेब शेजारून पुन्हा म्हणाला, "माय कोट!" आणि गाव एका आवाजात ओरडला, "जय!"

मग मालोजीनं कोट दाखवायला सुरुवात केली. तीस वर्षं त्यानं हे मनात घोकलं होतं. पहारेकरी कुठे उभे राहायचे, घोडी कुठे बांधायचे, येणारा माणूस तटावरून किती लांबून दिसतो. ज्योतीरामाला इंग्रजी येत होतं, पण ते सगळं स्वयंपाकघरातलं. मालोजी म्हणाला, "ह्यो बुरूज तीनशे वरसांचा हाय." ज्योतीराम म्हणाला, "बुरूज, सर. नॉट फ्रेश." मालोजी म्हणाला, "वरनं पडलाय, पर खालनं मजबूत हाय." ज्योतीराम म्हणाला, "टॉप सॉफ्ट, सर. बॉटम हार्ड." मडमेला हसू आवरेना. साहेब मात्र कुडकुडत होता. दात वाजत होते, दंडांवर काटा उभा राहिला होता.

"बघा, बघा!" मालोजी गावाला म्हणाला. "सायबाच्या आंगावर काटा आला! आमच्या आंगावर कधी आला का?"

पाटलांचे डोळे भरून आले. त्यांनी साहेबाला आपल्या गोठ्याची पायरी दाखवली. "ह्यो आमचा!" मग प्रत्येकानं आपापला दगड दाखवला. साहेबाला त्रेसष्ट दगडांपाशी उभं केलं. प्रत्येक दगडापाशी तो दीनवाणेपणानं "माय कोट?" म्हणायचा आणि प्रत्येक दगडवाला धन्य व्हायचा. मालोजी त्याला त्या गुळगुळीत दगडापाशी घेऊन गेला आणि पटक्याच्या टोकानं दगड पुसला. मडमेनं हात पुढे करून तो दगड चाचपला. दगड गार आणि मऊ होता. ती काहीतरी म्हणाली.

"छान म्हनतायत," ज्योतीराम म्हणाला. हे भाषांतर तेवढं बरोबर असावं.

मग सगळे बुरुजावर चढले. वर वारा होता. साहेब आता निळा पडायच्या बेतात होता. मालोजी इंद्रायणीकडे हात करून काही सांगणार, इतक्यात खालून आरडाओरडा ऐकू आला.

"सोडा मला! सायबाचा कोट हाय माज्याकडं!"

बन्सी शिंपी! दोन घोंगड्या पांघरून, डोक्याला मफलर बांधून, अंगात ताप घेऊन तो बायकोच्या हातून निसटला होता. त्याला चौघांनी धरला होता. "आरं बन्सी, सायेब कोट बघतुया, गोंधूळ घालू नगंस!" "आरं त्योच तर घेऊन आलोय!" असं म्हणत त्यानं घोंगडीतून हात बाहेर काढला. हातात एक करड्या रंगाचा लोकरी कोट होता. इस्त्री केलेला, झटकलेला, मागची उसवलेली शिवण नीट घातलेला.

साहेबानं बुरुजावरून बघितलं आणि असा ओरडला की कोटातली कबुतरं उडाली.

"माय कोट!!"

तो दोन-दोन पायऱ्या उड्या टाकत खाली गेला, बन्सीला घोंगड्यांसकट मिठी मारली, कोट अंगात घातला, गळ्यापर्यंत बंद केला आणि डोळे मिटून उभा राहिला.

बुरुजावर मालोजी उभा होता. त्याला सगळं कळलं. एकेक करून कळलं. उसवलेली मागची बाजू. झटकायची धूळ. आतली बाजू. माय. अंगावरचा काटा. तो दगडावर बसला. सातासमुद्रापलीकडून माणूस आला होता, पण त्याच्या स्वतःच्या कोटासाठी. उद्या सोमवार होता.

हे ठकुबाईला मंगळवारीच कळलं असतं. गवराबाईचं बोलणं संपायच्या आत कळलं असतं. पदर तोंडात कोंबून हसली असती आणि पाच दिवस त्याला काहीच सांगितलं नसतं. दगड मात्र त्याच्याबरोबर तिनंही उचलला असता. मालोजीला एकदम हसू आलं. वर्षात पहिल्यांदा आलं, आणि लवकर थांबलं नाही.

खाली गाव काय समजला? गावाला एवढंच दिसलं की साहेब थंडीनं कुडकुडतोय हे बघून आजारी बन्सीनं अंथरुणातून उठून त्याला लोकरी कोट दिला. पाटील गहिवरून म्हणाले, "कोट बघायला आला त्याला कोटाचाच आहेर केला! बन्सी, गावाची लाज राखलीस!" बन्सीनं तोंड उघडलं, पण त्याला थंडी भरली आणि नुसते दात वाजले.

अंगात ऊब आल्यावर साहेब वेगळाच माणूस झाला. तो परत वर आला. मडमेनं फोटो काढले. बुरुजाचा काढला, कमानीचा काढला, किल्ली हातात धरून उभ्या असलेल्या मालोजीचा काढला. दोघं तासभर फिरली. आता साहेब दगडांना स्वतः हात लावून बघत होता, मालोजीला खुणेनं विचारत होता, आणि मालोजी खुणेनं सांगत होता. ज्योतीरामाची गरज लागली नाही. तो हार घालून सावलीत बसला होता आणि लोक त्याला गूळपाणी देत होते.

निघताना बन्सीनं थरथरत्या हातानं आपली वही पुढे केली. साहेबानं ती तटाच्या दगडावर ठेवली, एकदा कोटाकडे बघितलं, आणि तीन ओळी लिहून खाली सही केली. बन्सीनं पान फाडून घ्यायच्या आत पाटलांनी ते घेतलं, कपाळाला लावलं आणि मालोजीच्या हातात दिलं. "ह्यो कागद गावाचा! कोटवाल्यापाशी ऱ्हाऊ द्या!"

मालोजीला शंका होती. पण शंका विचारली की उत्तर ऐकावं लागतं. त्यानं कागद पटक्यात खोचला.

सोमवारी दौलतराव आले. बरोबर मोजमापाची साखळी घेऊनच आले. "काय पाटील? ठरलं ना?"

"ठरलं," पाटील म्हणाले. "कोट द्यायचा न्हाई."

"न्हाई म्हणजे? काय आहे काय त्या कोटात?"

"त्यात माज्या गोठ्याची पायरी हाय!" पाटील ओरडले. मागून गवराबाई ओरडली, "माजा पाटा हाय!" मग सगळा गावच ओरडू लागला आणि दौलतरावांना वाटलं, आपण चुकून दुसऱ्या गावात आलो. "सडक आमी श्रमदानानं करू," पाटील म्हणाले. "आमाला दगूड उचलायची सवय झालीया. आन तुमाला आजून पायजे आसंल तर मालोजी, दाखव रं कागूद! समुद्रापलीकडचा सायेब येऊन लिवून गेलाय!"

मालोजीनं पटक्यातला कागद दोनदा चाचपला. मग काढून पुढे केला.

दौलतरावांना सगळे इंग्रजी शिकलेला माणूस समजत. त्यांनी चष्मा लावला. ओठ हलवत कागदावरून बोट फिरवलं. पहिल्या ओळीत बोट थांबलं. "ओल्ड," ते म्हणाले. "ओल्ड लिहिलंय. म्हणजे पुरातन." त्यांनी आणखी थोडं बोट फिरवलं, पण पुढचं बोटाला जमेना. "हं. ही सरकारी भानगड दिसते. पुरातनाला हात लावला तर माझं लायसन जाईल." त्यांनी कागद दोन बोटांनी परत दिला, साखळी गोळा करायला लावली आणि गेले.

गावानं मालोजीला खांद्यावर घेतलं. कोटवाला, कोटवाला, असा आवाज चाकणपर्यंत गेला असेल. त्या दिवसापासून कोणी ते हसून म्हटलं नाही.

गुरुवारी गुरुजी लग्नाहून परत आले. मालोजी अंधार पडायच्या आत त्यांच्या घरी गेला, दार लोटून घेतलं आणि कागद समोर धरला.

गुरुजींनी एकदा वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला.

"मालोजीबाबा, खरं सांगू?"

"इमानानं सांगा."

"लिहिलंय, एक कोट, जुना, मिळाला. मागची बाजू उत्तम दुरुस्त केलेली. आतून-बाहेरून स्वच्छ. शिंप्याचा आभारी आहे."

मालोजीनं कागदाच्या शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. "शिंप्याचा?"

"शिंप्याचा."

"बाकी तर समदं बराबर लिवलंय की, गुरुजी. जुना हाय. मागची बाजू दुरुस्त केलीया. आतनं-भाइरनं स्वच्छ हाय. एक त्यो शिंपी तेवढा आडवा आला."

"आडवा म्हणजे? पावतीच आहे ही!"

मालोजीनं कागदाची नीट घडी घातली, पटक्यात खोचली आणि उंबऱ्यापाशी जाऊन थांबला.

"गुरुजी, आपल्या गावात इंग्रजी आनखी कुनाला येतं?"

"मला एकट्यालाच."

"आसं," मालोजी अगदी आदबीनं म्हणाला. "आन तुमची बदली कवा हाय म्हनालात?"